इंग्रजी चांदीवरील निर्मातामुद्रांची ओळख : कोकणातील जुन्या वस्तूंच्या नोंदणीसाठी एक अभ्यासपद्धती

सारांश : इंग्लंडमध्ये घडविलेल्या चांदीच्या वस्तूंवर धातूची शुद्धता, तपासणीचे ठिकाण, वर्ष व निर्माता दर्शविणारे लहान ठसे असतात. या ठशांतील निर्मातामुद्रा सर्वांत अधिक कुतूहल जागविते, मात्र तिचेच वाचन सर्वांत अधिक चुकते. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेची ऐतिहासिक घडण, ठशांचे प्रकार, वाचनाचा क्रम, फसवे ठसे आणि भारतीय संदर्भ यांचा विचार केला असून रत्नागिरी परिसरातील जुन्या वस्तूंची नोंद महाविद्यालयीन पातळीवर कशी करता येईल, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : निर्मातामुद्रा, हॉलमार्क, स्टर्लिंग चांदी, वर्षाक्षर, वस्तुरूप साधने, स्थानिक इतिहास

१. प्रस्तावना

रत्नागिरीहून सागरी मार्गाने गणपतीपुळ्याकडे जाताना आरे-वारेचे जुळे किनारे लागतात. या परिसरातील एखाद्या जुन्या घरातील फडताळात चांदीचे काळवंडलेले चमचे, दुधाचा लहान बुधला किंवा चहाची किटली निघाली, असे समजू. घरातील मंडळी ती वस्तू सराफाकडे नेतात. सराफ ती तोलतो, कस पाहतो, घट वजा करतो व त्या दिवसाच्या भावाने रक्कम देतो. व्यवहार चोख असतो. परंतु वस्तू मुशीत गेली की तिच्या पाठीवरील चार-पाच बारीक ठसेही वितळतात आणि त्यांबरोबर ती कोठे, केव्हा व कोणाच्या जबाबदारीवर घडली, याचा पुरावा कायमचा नाहीसा होतो.

अशा वस्तू कोकणात येणे अस्वाभाविक नाही. १८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाल्यानंतर दक्षिण कोकणात इंग्रजी अंमल स्थिर झाला. रत्नागिरी हे जिल्ह्याचे ठाणे झाले. दापोलीस लष्करी छावणी होती व ‘कँप दापोली’ या नावाने ती स्मृती आजही टिकून आहे. बदली होऊन किंवा मायदेशी परत जाणारे साहेब आपले घरसामान लिलावात काढीत, ही ब्रिटिश हिंदुस्थानातील सर्वपरिचित रीत होती. दुसरा मार्ग मुंबईचा. चाकरीनिमित्त मुंबईस गेलेला कोकणी माणूस पैशांबरोबर वस्तूही गावी आणीत असे. यांपैकी कोणत्या मार्गाने कोणती वस्तू आली, हे लिखित कागदपत्रांतून क्वचितच कळते. अशा वेळी वस्तूवरील ठसा हाच पहिला दस्तऐवज ठरतो. तो वाचता येणे इतिहासाच्या अभ्यासकास, त्याचप्रमाणे रसायनशास्त्र, वाणिज्य व विधी या विषयांच्या अध्यापकांसही उपयुक्त आहे.

२. व्यवस्थेची ऐतिहासिक घडण

शुद्ध चांदी मऊ असते. टिकाऊ भांडे घडविण्यासाठी तीत तांबे मिसळावे लागते. मिश्रण किती हे डोळ्यांना दिसत नाही आणि फसवणुकीस येथेच वाव मिळतो. इंग्लंडमध्ये १३०० साली पहिल्या एडवर्डच्या कायद्याने चांदीची किमान शुद्धता निश्चित करण्यात आली व तपासलेल्या वस्तूवर बिबट्याच्या मुखाचा ठसा उमटविण्याची आज्ञा झाली. ही शुद्धता म्हणजेच ‘स्टर्लिंग’ होय. बारा औंसांच्या ट्रॉय पौंडात ११ औंस २ पेनीवेट शुद्ध चांदी, म्हणजे हजारात ९२५ भाग, असे तिचे प्रमाण आहे.

१३६३ मध्ये प्रत्येक कारागिराने स्वतःचा ठसा उमटविला पाहिजे, असा नियम झाला. निर्मातामुद्रेचा हा कायदेशीर आरंभ होय. साक्षरता मर्यादित असल्यामुळे प्रारंभीच्या मुद्रा बहुतांशी चित्ररूप होत्या, आद्याक्षरे पुढे रूढ झाली. १४७८ मध्ये लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये वस्तू आणून तपासण्याची पद्धत पक्की झाली व वर्ष दर्शविणारे अक्षर आले. या ‘हॉल’मध्ये उमटणारा ठसा तो ‘हॉलमार्क’. आज आपल्याकडे घरोघरी झालेल्या या शब्दाचे मूळ हे असे एका इमारतीच्या नावात आहे. १५४४ पासून चालत्या सिंहाचा ठसा दिसू लागतो.

सतराव्या शतकाच्या अखेरीस नाणी कातरून किंवा वितळवून भांडी करण्याचा प्रकार वाढला. त्यास आळा घालण्यासाठी १६९७ मध्ये भांड्यांची शुद्धता नाण्यांहून अधिक, म्हणजे हजारात सुमारे ९५८ भाग, ठरविण्यात आली. यास ‘ब्रिटानिया’ मानक म्हणतात. या काळात सिंह व बिबट्या यांऐवजी ब्रिटानियाची बसलेली आकृती व सिंहाचे शीर्ष हे ठसे आले. निर्मात्याच्या मुद्रेत आडनावाची पहिली दोन अक्षरे घालण्याचा नियमही याच वेळी झाला. १७२० मध्ये स्टर्लिंग मानक परत आले, ब्रिटानिया ऐच्छिक राहिले आणि मुद्रेत नाव व आडनाव यांची आद्याक्षरे घेण्याकडे पुनश्च वळण मिळाले. प्रसिद्ध कारागीर पॉल द लामेरी (१६८८–१७५१) याच्या १७१३ मधील पहिल्या मुद्रेत ‘एल ए’ ही अक्षरे आहेत, ती आडनावाची आहेत. हा नियम ठाऊक नसणारा वाचक त्यांस दोन स्वतंत्र नावांची आद्याक्षरे समजेल व चुकीच्या कारागिराचा शोध घेत राहील.

३. ठशांचे प्रकार

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील व एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी चांदीवर साधारणतः पाच ठसे आढळतात.

(अ) मानकमुद्रा : डावीकडे चालणारा सिंह. हा असल्यास वस्तू इंग्लंडमध्ये स्टर्लिंग म्हणून तपासली गेली, असे समजावे.

(आ) नगरमुद्रा : लंडनसाठी बिबट्याचे मुख, बर्मिंगहॅमसाठी नांगर, शेफिल्डसाठी मुकुट. शेवटची दोन तपासणी कार्यालये १७७३ मध्ये स्थापन झाली. चेस्टर, एक्झिटर, न्यूकॅसल येथील कार्यालये पुढे बंद पडली, त्यांचीही स्वतंत्र चिन्हे होती. लंडनच्या बिबट्याच्या मस्तकावर १८२१ पर्यंत मुकुट असे, त्यानंतर तो काढण्यात आला. कालनिश्चितीस हा तपशील फार साहाय्यकारी ठरतो.

(इ) वर्षाक्षर : दरवर्षी बदलणारे रोमन लिपीतील अक्षर. लंडनमध्ये वीस अक्षरांचे चक्र असे. जे, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय व झेड ही अक्षरे वगळली जात. म्हणून ‘के’ हे अकरावे नसून दहावे अक्षर होय. प्रत्येक नव्या चक्रात अक्षराची धाटणी किंवा त्याभोवतीच्या ढालीचा आकार बदले. अक्षर मे महिन्यात पालटत असल्यामुळे एक अक्षर दोन इसवी सनांत विभागलेले असते. शेफिल्डने १७७३ मध्ये आरंभच ‘ई’ या अक्षराने केला व १८२४ पर्यंत तेथे अक्षरांना वर्णक्रम नव्हता. म्हणून नगर निश्चित केल्यावाचून वर्ष सांगणे अशक्य होय.

(ई) करमुद्रा : राजा किंवा राणीचे मस्तक. १७८४ मध्ये चांदीवर औंसास सहा पेन्स कर बसला व तो भरल्याची खूण म्हणून हा ठसा आला. १८९० मध्ये कर रद्द झाला, ठसाही गेला.

(उ) निर्मातामुद्रा : विशिष्ट आकाराच्या चौकटीतील आद्याक्षरे.

४. निर्मातामुद्रा म्हणजे काय, व काय नव्हे

‘निर्माता’ या शब्दामुळे एक गैरसमज होतो. मुद्रा ज्याची, त्यानेच हाताने वस्तू घडविली, असे आपण गृहीत धरतो. वास्तविक ही मुद्रा वस्तू तपासणीस पाठविणाऱ्याची, म्हणजे तिच्या शुद्धतेबद्दल कायद्यास उत्तरदायी असणाऱ्याची खूण आहे. आजच्या ब्रिटिश कायद्यातही तिला पुरस्कर्त्याची मुद्रा अशा अर्थाचे नाव आहे. ती कारखानदाराची, भागीदारीची किंवा क्वचित विक्रेत्याचीही असू शकते.

हेस्टर बेटमन (१७०८–१७९४) हिचे उदाहरण बोधप्रद आहे. पती जॉन १७६० मध्ये निवर्तल्यानंतर तिने १७६१ मध्ये स्वतःची मुद्रा नोंदविली. वळणदार लेखनातील ‘एच बी’ अशी ती मुद्रा पुढे फार प्रसिद्ध झाली. ही मुद्रा असलेल्या सर्व वस्तू तिने स्वतः ठोकून घडविल्या, असे मानण्याचे कारण नाही. मुले, सून व कारागीर यांसह चाललेल्या कार्यशाळेची ती खूण होती. १७९० मध्ये पीटर व जोनाथन या पुत्रांची आणि १७९१ मध्ये पीटर व अॅन यांची संयुक्त मुद्रा नोंदली गेली. मुद्रांच्या या मालिकेतून एका कुटुंबाच्या व्यवसायाचे संक्रमण वाचता येते. आपल्याकडील सोनारांच्या व कासारांच्या पेढ्यांचा अभ्यास करणाऱ्यास हे नवे वाटू नये.

दुसरी अडचण समान आद्याक्षरांची. एकाच दशकात ‘डब्ल्यू बी’ अथवा ‘जे एस’ अक्षरे वापरणारे अनेक जण असू शकतात. त्यांतील भेद चौकटीचा आकार (लंबगोल, आयत, कातरलेले कोपरे), अक्षरांची धाटणी, मधला बिंदू किंवा तारा यांवरून करावा लागतो. लंडनच्या नोंदवह्यांतही खंड आहे : मोठ्या वस्तू घडविणाऱ्यांची १७५८ ते १७७३ या काळातील नोंदवही उपलब्ध नाही. चार्ल्स जॅक्सन यांचा १९०५ मधील व आर्थर ग्रिमवेड यांचा १६९७ ते १८३७ या कालखंडावरील १९७६ मधील ग्रंथ ही या क्षेत्रातील प्रमाणभूत साधने होत. परंतु ग्रंथात नाव सापडले म्हणजे ओळख पटली, असे नव्हे. ते नाव उरलेल्या चार ठशांशी जुळले पाहिजे.

५. वाचनाचा क्रम : एक उदाहरण

नवशिका अभ्यासक प्रथम आद्याक्षरांकडे धावतो. योग्य क्रम याच्या उलट आहे. आधी मानक, मग नगर, मग करमुद्रा, मग वर्षाक्षर आणि सर्वांत शेवटी निर्माता. पद्धत स्पष्ट व्हावी म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ.

एका चमच्याच्या दांड्याच्या टोकाजवळ पुढील ठसे आहेत : चालता सिंह, मुकुटधारी बिबट्याचे मुख, उजवीकडे पाहणारे राजमस्तक, मोठ्या लिपीतील साधे ‘एच’ आणि दोन ओळींत ‘डब्ल्यू ई’ व ‘डब्ल्यू एफ’ ही अक्षरे.

सिंहावरून वस्तू स्टर्लिंग ठरते व बिबट्यावरून लंडनची. लंडनच्या चक्रांत साधे मोठे रोमन ‘एच’ १७२३, १८०३, १८८३ व १९४३ या वर्षी आरंभणाऱ्या तपासणी-वर्षांत येते. कारण ही चक्रे अनुक्रमे १७१६, १७९६, १८७६ व १९३६ मध्ये सुरू झाली आणि ‘एच’ हे आठवे अक्षर आहे. करमुद्रा आहे, म्हणून १७२३ व १९४३ ही वर्षे बाद होतात. १८८३ मध्ये बिबट्यास मुकुट नव्हता व करमुद्रेवर डावीकडे पाहणारी व्हिक्टोरिया राणी असती. म्हणून तेही बाद होते. उरते ते १८०३–०४ हे तिसऱ्या जॉर्जच्या काळातील वर्ष. आता निर्मात्याकडे वळावे. विल्यम इली व विल्यम फर्न यांची संयुक्त मुद्रा १७९७ मध्ये नोंदली गेली, १८०८ मध्ये विल्यम चॉनर हा भागीदार झाल्यावर तीत ‘डब्ल्यू सी’ ही अक्षरे वाढली. चमच्यावर दोनच नावे असणे १८०३ शी पूर्णतः सुसंगत आहे. ठशांची जागाही हेच सांगते. सुमारे १७८० पूर्वी चमच्यांवरील ठसे दांड्याच्या तळाशी, वाटीजवळ असत, नंतर ते टोकाकडे गेले.

येथे पाच साक्षी एकमेकींस दुजोरा देतात. त्यांतील एक जरी विसंगत असती, तर निष्कर्ष थांबविणे हेच अभ्यासकाचे कर्तव्य ठरले असते.

६. फसवे ठसे

आपल्याकडे सर्वाधिक गोंधळ विजेच्या मुलाम्याच्या भांड्यांमुळे होतो. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये या प्रक्रियेचे एकस्व घेतले. त्यानंतर तांबे, निकेल व जस्त यांच्या मिश्रधातूवर चांदीचा पातळ थर दिलेली भांडी विपुल निघाली. या मिश्रधातूस आपण ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणतो. त्यात चांदी मुळीच नसते. अशा भांड्यांवर ‘ई पी एन एस’ ही चार अक्षरे पुष्कळदा चार वेगळ्या ढालींत, जुन्या वळणात कोरलेली असतात व वरवर पाहता ती खऱ्या ठशांसारखी दिसतात. चालता सिंह नसेल तर प्रथम हीच शंका घ्यावी. उलटपक्षी, अस्सल स्टर्लिंग वस्तू ‘मुलाम्याची’ समजून मोडीत जाण्याचाही धोका असतो. दोन्ही प्रसंगी नुकसान त्या कुटुंबाचेच होते.

दुसरा प्रकार ठसे स्थलांतरित करण्याचा. लहान, स्वस्त वस्तूवरील ठशांचा तुकडा कापून मोठ्या भांड्याच्या तळाशी डाखणे, हा कर चुकविण्याचा जुना मार्ग होता. ठशांभोवती डाखाची रेषा दिसते का, हे तोंडाची वाफ देऊन पाहिल्यास कळू शकते. तिसरा प्रकार रूपांतराचा : साध्या पेल्यास नंतर तोटी लावून बुधला केलेला असतो. किटलीचे झाकण सुटे असल्यास त्यावरही काही ठसे असावयास हवेत. ते नसतील किंवा वेगळ्या वर्षाचे असतील, तर झाकण मूळचे नाही.

७. भारतीय संदर्भ

ब्रिटिश हिंदुस्थानात चांदीच्या भांड्यांची सक्तीची तपासणी करणारे इंग्लंडसारखे कार्यालय नव्हते. कलकत्त्याची हॅमिल्टन अँड कंपनी, मद्रासची पी. ऑर अँड सन्स यांसारख्या पेढ्या आपापले ठसे उमटवीत. त्यांची मांडणी इंग्रजी ठशांची आठवण करून देणारी असे, परंतु तेथे सिंहाच्या ठशामागे असलेली शासकीय हमी नसे. भूजचे ओमरसी मावजी यांच्या नक्षीदार वस्तूंवरील ‘ओ एम’ ही मुद्रा भारतीय कारागिराने स्वतःच्या नावाने निर्मातामुद्रा वापरल्याचे ठळक उदाहरण आहे. म्हणून रोमन अक्षरे दिसताच वस्तू विलायती ठरवू नये.

धातूच्या शुद्धतेचाही येथे विचार करावा लागतो. १८३५ च्या कायद्यानंतरचा कंपनी व राणीछाप रुपया एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम वजनाचा असून त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी होती, म्हणजे हजारात सुमारे ९१७. रुपये आटवून भांडी व दागिने करण्याची रीत देशभर होती. अशी वस्तू स्टर्लिंगच्या जवळपास जाते, पण स्टर्लिंग नसते. केवळ कसावरून या दोहोंतील भेद कळणे कठीण, तो ठशावरूनच कळतो. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली, हेही ध्यानात ठेवावे.

स्वतंत्र भारतात भारतीय मानक ब्यूरोने २००० साली सोन्यासाठी व २००५ मध्ये चांदीसाठी हॉलमार्किंगची ऐच्छिक योजना सुरू केली. सोन्यासाठी ती जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाली. जुलै २०२१ पासून दागिन्यावर ब्यूरोचे चिन्ह, शुद्धता व सहा अंकाक्षरांचा ओळखक्रमांक एवढेच ठसे येतात. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीसाठीही असा क्रमांक ऐच्छिक स्वरूपात लागू झाला. म्हणजे सराफाची ओळख आता धातूवर दिसत नाही, ती संगणकीय नोंदीत असते. ग्राहकाच्या दृष्टीने ही सोय अधिक खात्रीची आहे. परंतु दोनशे वर्षांनंतरच्या अभ्यासकास ती नोंद उपलब्ध असेल तरच वस्तू बोलेल. इंग्रजी वस्तूवरील मुद्रा आज वाचता येते, ती ठसा व नोंदवही अशी दोन्ही साधने जपली गेल्यामुळे. ज्या काळाची नोंदवही हरवली, तेथे ठसा असूनही अभ्यासक चाचपडतो, हे वर पाहिलेच आहे.

८. नोंदणीची पद्धती

महाविद्यालयाच्या इतिहास विभागास फारसा खर्च न करता असे नोंदणीकार्य हाती घेता येईल. त्यासाठी पुढील पथ्ये पाळावीत.

पहिले, वस्तू घासू नये. कोकणच्या दमट हवेत चांदी लवकर काळी पडते. चांदी व हवेतील गंधकयुक्त वायू यांच्या संयोगाने हा थर बनतो. तो काढण्यासाठी रांगोळी किंवा राख यांनी घासण्याची घरगुती रीत ठशांच्या मुळावर येते. प्रत्येक सणाला घासलेल्या भांड्यावरील ठसा दोन-तीन पिढ्यांत सपाट होतो. मऊ सुती फडक्याने पुसणे पुरेसे असते.

दुसरे, ठसे दहापट भिंगातून पाहावेत व तिरप्या प्रकाशात छायाचित्र घ्यावे. समोरून पडलेल्या प्रकाशात उठाव दिसत नाही.

तिसरे, वजन, मापे, सर्व ठशांचा क्रम व जागा, कोरलेली आद्याक्षरे किंवा कुलचिन्ह आणि दुरुस्तीच्या खुणा लिहाव्यात. न वाचता आलेला ठसा ‘अवाचनीय’ असाच नोंदवावा, अंदाजाने पुरा करू नये.

चौथे, वस्तू घरात कशी आली याविषयी वडीलधाऱ्यांची माहिती त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावी व ती ठशांच्या साक्षीपासून वेगळी ठेवावी. दोहोंत विसंगती आढळल्यास ती झाकू नये. ठसा १८८३ चा आणि घरातील आठवण ‘पेशवाईतील’ असेल, तर दोन्ही नोंदी आपापल्या परीने मोलाच्या आहेत.

पाचवे, मालकाचे नाव व पत्ता प्रसिद्ध करू नये. मौल्यवान वस्तूंच्या बाबतीत विश्वास हीच अभ्यासाची पहिली अट आहे. तसेच पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार किमान शंभर वर्षांची कलाकारागिरीची वस्तू ‘पुरावस्तू’च्या व्याख्येत येऊ शकते व खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर पाठविता येत नाही, याची कल्पना मालकास द्यावी.

९. समारोप

निर्मातामुद्रेचे वाचन हा केवळ संग्राहकांचा छंद नव्हे. पुराव्यांची परस्परांशी पडताळणी करून मगच नाव उच्चारावे, ही इतिहासलेखनाची शिस्त येथे बोटाएवढ्या चमच्यावर शिकता येते. १८८६ मध्ये रत्नागिरीत आणलेला ब्रह्मदेशचा राजा थिबा १९१६ मध्ये येथेच निवर्तला. त्याचा राजवाडा आज उभा आहे, परंतु निर्वासनाच्या काळात राजपरिवाराने विकलेल्या जडजवाहिराचा माग काढणे दुष्कर आहे. राजाच्या वस्तूंची ही स्थिती, तर सामान्य घरांतील वस्तूंची काय कथा? चांदीचा भाव चढला की मोडीचे प्रमाण वाढते. कुटुंबाने आपली वस्तू विकू नये, असे सांगण्याचा अधिकार अभ्यासकास नाही. परंतु ती तराजूत पडण्यापूर्वी तिच्या पाठीवरील ठसे एकदा वाचले जावेत व टिपून ठेवले जावेत, एवढी व्यवस्था आपणांस निश्चितच करता येईल.